डावखुऱ्या हातासाठी गेमिंग माउस घेताना: ३ जानेवारी ते १७ मार्च

३ जानेवारी २०२५ च्या रात्री व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ खेळताना माझ्या माउसचे मुख्य बटण एकदा दाबले की ते दोनदा दाबल्याची नोंद होऊ लागली. खरेदीच्या पडद्यावर एक वस्तू निवडावी तर दोन विकत घेतल्या जात, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयाचे काम करताना एखादी फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये न्यावी तर ती अर्ध्या वाटेतच सुटे. माउस चौदा महिन्यांपूर्वी ३,१५० रुपयांना घेतलेला होता आणि त्याला दोन वर्षांची वॉरंटी होती. एखाद्या उजव्या हाताच्या खेळाडूने अशा वेळी वॉरंटीचा अर्ज केला असता आणि तोवर दुकानातून दुसरा माउस आणला असता. मी डावखुरी आहे आणि माउसही डाव्या हातानेच चालवते. मनासारखा माउस हाती येऊन त्याचे सगळे हिशेब मिटेपर्यंत मार्च उजाडला. या काळात डावखुऱ्या खेळाडूंसाठी मराठीत लिहिलेले काहीच मला सापडले नाही, म्हणून घडले त्या क्रमाने सर्व लिहून ठेवत आहे.

आधी दोषाविषयी सांगते, कारण तो पुष्कळांच्या वाट्याला येतो. बटणाखाली एक लहान स्विच असतो आणि त्यात धातूची पातळ लवचीक पट्टी असते. बटण दाबले की ती पट्टी समोरच्या टोकाला टेकते, पण टेकताना क्षणभर थरथरते. ही थरथर म्हणजे वेगवेगळे दाब समजले जाऊ नयेत यासाठी माउस काही मिलिसेकंद थांबून मगच पुढचा दाब मोजतो. पट्टीचा ताण कमी झाला किंवा टोकांवर थर जमला की थरथर या मुदतीपेक्षा लांबते आणि एका दाबाचे दोन दाब होतात. काही माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत वाढवता येते. माझ्यात ती येत होती. ४ मिलिसेकंदांवरून १२ वर नेल्यावर दोष पुरता गेला नाही, तरी काम चालण्याइतका कमी झाला. माउस उघडून स्विच साफ करण्याचा सल्ला धाकट्या भावाने दिला, पण वॉरंटी शिल्लक असताना तळाचे स्क्रू काढणे मला धोक्याचे वाटले आणि पुढे जे घडले ते पाहता तो निर्णय योग्यच ठरला.

६ जानेवारीला, सोमवारी, कंपनीच्या सेवा विभागाला ईमेल पाठवला. तिकीट क्रमांक त्याच दिवशी आला, पण माणसाने लिहिलेले उत्तर ९ तारखेला आले. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या होत्या: मूळ बिल, माउसच्या तळाशी छापलेला सिरीयल नंबर आणि दोष स्पष्ट दिसेल असा व्हिडिओ. सिरीयल नंबर तळहाताच्या घामाने आणि घर्षणाने निम्मा पुसला गेला होता. खोक्यावर तो छापलेला होता आणि खोके मी माळ्यावर ठेवले होते, म्हणून निभावले. नवा माउस आणला की त्याच दिवशी बिलाचा, खोक्याच्या बाजूचा आणि माउसच्या तळाचा असे तीन फोटो काढून स्वतःलाच ईमेलने पाठवून ठेवावेत. व्हिडिओसाठी मी दाब मोजणारे एक संकेतस्थळ उघडले आणि बोट व पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा मोबाइल मांडून सलग पन्नास दाब चित्रित केले. १० जानेवारीला सर्व पाठवले आणि थांबले.

या थांबण्याच्या काळातच मला पहिल्यांदा नीट विचार करावा लागला की दुसरा माउस घ्यायचाच झाला तर कोणता घ्यावा. बाबांचे म्हणणे होते की एवढा खटाटोप करण्यापेक्षा उजव्या हाताने शिकून घ्यावे. घरात प्रसाद घेताना आणि पाहुण्यांना चहा देताना उजवा हात पुढे करायला मी लहानपणीच शिकले आहे, त्यामुळे हे ऐकून मनाला थोडे लागले. तरीही सल्ला प्रामाणिक होता, कारण कितीतरी डावखुरी माणसे माउस उजव्या हातानेच चालवतात आणि उत्तम खेळतात. मी दहा दिवस भावाच्या माउसवर उजव्या हाताने सराव केला. कार्यालयाचे काम जमले. खेळात मात्र, जिथे कर्सर चार-पाच मिलिमीटरच्या अंतरात नेमका थांबवायचा असतो तिथे, माझी बोटे दर वेळी ठरलेल्या जागेच्या पुढे जात. ज्याला माउस उजव्या हाताने चालवण्याची सवय आहे त्याने ती बदलू नये, कारण त्याच्यापुढे शेकडो पर्याय आहेत. माझी वीस वर्षांची सवय डाव्या हाताची आहे आणि ती मोडायची नाही असे मी २० जानेवारीला ठरवले.

त्यानंतर हात मोजला. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७.२ सेंटिमीटर आणि अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी तळव्याची रुंदी ८ सेंटिमीटर भरली. यानंतर आपण माउस धरतो कसा हे पाहावे लागते. पूर्ण तळवा माउसवर टेकवून धरणे, तळव्याची मागची बाजू टेकवून बोटे वाकवून धरणे आणि केवळ बोटांच्या टोकांनी धरणे अशा तीन पद्धती सांगितल्या जातात. हे आठवून सांगता येत नाही, कारण खेळताना हात वेगळाच वागतो. भावाला खेळ चालू असताना माझ्या नकळत फोटो काढायला सांगितले तेव्हा कळले की मी दुसऱ्या पद्धतीने धरते. माउसची लांबी हाताच्या लांबीच्या साधारण साठ टक्के असावी असा एक ठोकताळा आहे. त्याने माझ्यासाठी १०.३ सेंटिमीटर उत्तर येते आणि एवढा लहान गेमिंग माउस क्वचितच मिळतो, म्हणून मी त्यावर फार विसंबले नाही. त्याऐवजी स्वयंपाकघरातून थोडी घट्ट भिजवलेली कणीक घेतली आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दिलेल्या लांबी, रुंदी व उंचीप्रमाणे पट्टीने मोजून तिचे गोळे घडवले. वजनाचा अंदाज त्यातून येत नाही, पण अंगठा कुठे पडतो आणि करंगळी टेबलावर घासते का हे पाच मिनिटांत समजते. ४३ मिलिमीटर उंचीचा गोळा धरल्यावर माझे मनगट मागे वाकत होते, तर ३८ ते ४० मिलिमीटर उंचीचे गोळे ठीक वाटले.

माउसची यादी करायला बसल्यावर एक अडचण लक्षात आली आणि डावखुऱ्या वाचकांनी ती पैसे देण्यापूर्वीच समजून घेणे फार गरजेचे आहे. बहुतेक लोकप्रिय गेमिंग माउस उजव्या हाताच्या उतारावर घडवलेले असतात. रेझर डेथअ‍ॅडर हे त्याचे परिचित उदाहरण. अशा माउसची डावी बाजू उंच असते, पाठ उजवीकडे उतरते, आणि डाव्या हाताने तो धरला की अंगठ्याला टेकायला जागाच उरत नाही. दुसरा गट सममित आकाराचा, म्हणजे मधोमध रेघ मारली तर दोन्ही बाजू सारख्या दिसतील असा. विक्रेते या गटाला सरसकट ‘दोन्ही हातांसाठी’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यांपैकी बहुतेकांची बाजूची दोन बटणे डाव्या अंगालाच असतात, जिथे उजव्या हाताचा अंगठा पडतो. डाव्या हाताने धरल्यावर तीच बटणे अनामिका आणि करंगळीखाली येतात. ती हवी तेव्हा दाबता येत नाहीत आणि नको तेव्हा दाबली जातात. बाजूची बटणे दोन्ही अंगांना असलेले, किंवा ती एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नेता येतील असे माउस हा तिसरा गट, आणि तो अगदीच लहान आहे.

तिसऱ्या गटात मला २०१८ चा लॉजिटेक जी प्रो वायरलेस, २०१९ चा मूळ रेझर व्हायपर, त्याच वर्षीचा स्टीलसीरीज सेन्सेई टेन आणि २०२४ मध्ये आलेला लॉजिटेक प्रो २ लाइटस्पीड हे सापडले. जुन्या मॉडेलांच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये वजन कमी करण्याची शर्यत लागली आणि तीत उजव्या अंगाची बटणे गळली. २०२० चा जी प्रो एक्स सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत आला, पण त्यावर बाजूची बटणे फक्त डावीकडे होती. व्हायपरच्या व्ही २ प्रो या आवृत्तीतही तसेच झाले. मूठभर ग्रॅम वाचवण्यासाठी आमच्यासारख्यांची सोय काढून घेतली गेली याचे मला खरोखर वाईट वाटते. केवळ डाव्या हातासाठी घडवलेला रेझर नागाही २०२० मध्ये निघाला होता, पण त्यावर अंगठ्यासाठी बारा बटणे आहेत. अनेक मंत्र आणि क्षमता वापराव्या लागणाऱ्या खेळांसाठी तो चांगला असेल. नेमबाजीच्या खेळात मला दोनच बटणे पुरतात.

यादी करताना आकड्यांनीही मला बराच काळ गोंधळात टाकले होते. माउसच्या पोटात एक लहानसा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो चित्रे घेतो आणि लागोपाठच्या चित्रांची तुलना करून माउस कुठे व किती सरकला ते ठरवतो. डीपीआय म्हणजे एक इंच सरकल्यावर माउस संगणकाला किती पावले मोजून देतो तो आकडा. खोक्यावर पंचवीस हजार छापलेले असले, तरी मी आजवर ८०० च्या वर गेलेले नाही आणि माझ्या ओळखीतले बहुतेक खेळाडू ४०० ते १,६०० च्या दरम्यान खेळतात. पोलिंग रेट म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा ही माहिती पाठवतो. १२५ हर्ट्झला दर आठ मिलिसेकंदांनी, १,००० हर्ट्झला दर एका मिलिसेकंदाने. १,००० मला पुरेसे वाटले. ८,००० हर्ट्झचे माउसही मिळतात, पण त्याने प्रोसेसरवर भार वाढतो आणि माझा संगणक सहा वर्षांचा आहे. आकडे एवढ्यावर सोडले आणि आकार, वजन व बटणांची जागा यांकडे वळले.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात भावाच्या मित्राने त्याचा रेझर व्हायपर मिनी मला सात दिवसांसाठी दिला. वजन ६१ ग्रॅम, उंची ३८ मिलिमीटर; हातात घेतल्याबरोबर आवडला. मात्र बाजूची बटणे डावीकडेच असल्याने चकमकीच्या ऐन क्षणी माझ्या अनामिकेने ती दाबली जात आणि पात्राच्या हातातले शस्त्र बदले. सॉफ्टवेअरमधून दोन्ही बटणे बंद केली तेव्हा त्रास थांबला. कमी खर्चात काम भागवायचे असेल त्यांना मी हाच मार्ग सुचवीन: लॉजिटेक जी १०२ सारखा दीड-दोन हजारांच्या आसपास मिळणारा सममित माउस घ्यावा, बाजूची बटणे बंद करावीत आणि त्यांची कामे कीबोर्डवर द्यावीत. मला मात्र अंगठ्याखालची दोन बटणे हवी होती. हालचालीसाठी मी उजव्या हाताने आय, जे, के, एल ही बटणे वापरते आणि तिथे आजूबाजूची बोटे आधीच गुंतलेली असतात.

दरम्यान २१ जानेवारीला कंपनीचे उत्तर आले की माउस मुंबईतील सेवा केंद्रात कुरिअरने पाठवावा. २२ तारखेला पाठवला. कुरिअरला १४० रुपये लागले आणि ते परत मिळणार नव्हते. पाठवण्यापूर्वी पाकिटात बिलाची प्रत, तिकीट क्रमांक आणि ‘हा माउस डाव्या हाताने वापरला जातो, कृपया तसाच बदलून द्यावा’ अशी चिठ्ठी घातली. ५ फेब्रुवारीला कळवण्यात आले की ते मॉडेल आता बनत नाही, त्याऐवजी ‘समतुल्य’ मॉडेल देण्यात येईल. दिलेला दुवा उघडला तर तो उजव्या हाताच्या उताराचा माउस निघाला. किंमत त्याची थोडी अधिकच होती आणि सेन्सरही नवा होता, म्हणून सेवा विभागातील व्यक्तीला माझा नकार समजत नव्हता. ६ तारखेला मी सविस्तर लिहिले की मला तो धरता येणार नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने तो समतुल्य ठरत नाही. एकतर दोन्ही अंगांना बटणे असलेले मॉडेल द्यावे किंवा बिलाची रक्कम परत करावी. १२ तारखेला पुन्हा तेच उत्तर आले, शब्दही तेच. त्या संध्याकाळी मला फार एकटे वाटले. तक्रार इतकी लहान की कुणाला सांगायला संकोच वाटावा, आणि तरी ती रोजच्या हाताच्या वापराशी बांधलेली.

१३ फेब्रुवारीला, गुरुवारी, मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. नाव, पत्ता, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि आतापर्यंतच्या पत्रव्यवहाराचा सारांश त्यांनी विचारून घेतला. तो आधीच कागदावर तारीखवार लिहून ठेवला होता, म्हणून बोलणे बारा मिनिटांत आटोपले. नोंदणी क्रमांक एसएमएसने आला आणि त्याच क्रमांकाच्या आधारे संकेतस्थळावर कागदपत्रे जोडता आली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून उत्तर मागते. तिथे काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही, हे मी वाचून ठेवले होते. त्यामुळे मन शांत होते.

त्याआधी ८ फेब्रुवारीला नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडवरची आणि कॉलेज रोडवरची पाच दुकाने पालथी घातली होती. तिसऱ्या गटातला एकही माउस मिळाला नाही. ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी जी प्रो वायरलेस दिसत होता, पण विक्रेते अनोळखी होते, आणि परतीच्या अटीत ‘फक्त बदलून मिळेल’ असे लिहिले होते. आकार पसंत पडला नाही तर पैसे परत मिळणार नव्हते. ऑनलाइन घेणाऱ्यांनी खरेदीपूर्वी ही एक ओळ अवश्य वाचावी. शेवटी मुंबईला जायचे ठरवले. तिथे संगणकाच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेल्या लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात, म्हणून शनिवार, १५ फेब्रुवारी निवडला. सकाळची पंचवटी एक्सप्रेस नाशिक रोडहून पकडली, दादरला उतरले, पश्चिम रेल्वेच्या लोकलने ग्रँट रोड गाठले आणि तिथून चालत गेले. पाट्यांवर त्या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणावे.

पहिल्या तीन दुकानांत ‘दोन्ही हातांना चालतो’ म्हणून सममित माउसच पुढे करण्यात आले. चौथ्या दुकानातील एका वयस्कर काकांनी मला आधी डावा हात काउंटरवर ठेवायला सांगितला, अंगठ्याची जागा बोटाने दाखवली आणि म्हणाले, “ताई, तुम्हाला बटणं या बाजूला पाहिजेत. तसा माल आता कमी येतो. प्रो २ पाहिजे असेल तर मागवून देतो, आठ दिवस लागतील.” प्रो २ ची त्यांनी सांगितलेली किंमत माझ्या आठ हजारांच्या मर्यादेच्या बरीच वर होती. जुन्या जी प्रो वायरलेसविषयी विचारल्यावर त्यांनी पोटमाळ्यावरून दोन खोकी आणवली. पहिले खोके आधी उघडलेले होते आणि त्यात उजव्या अंगाला लावायची दोन बटणे नव्हती. या माउसमध्ये बाजूची बटणे चुंबकाने बसतात. खोक्यात उजवीकडची दोन बटणे आणि रिकाम्या जागा झाकायच्या पट्ट्या वेगळ्या दिलेल्या असतात. उजव्या हाताच्या ग्राहकाला त्या तुकड्यांचे काही वाटणार नाही, पण आमच्यासाठी सगळी किंमत त्या तुकड्यांचीच आहे. दुसऱ्या खोक्याचे सील शाबूत होते. मी पैसे देण्यापूर्वी ते माझ्यासमोर उघडावे अशी विनंती केली आणि काकांनी ती मान्य केली. बटणे होती, पट्ट्या होत्या, बिनतारी माउसचा संदेश घेण्यासाठी संगणकाला लावायचा रिसीव्हर आणि जोडतारही होती.

माउस हातात घेतला, बटणे उजवीकडे लावली आणि अंगठा आपोआप त्यांवर गेला. लांबी १२५, रुंदी ६३.५ आणि उंची ४० मिलिमीटर. घरी कणकेचा याच मापाचा गोळा मी धरून पाहिला होता, त्यामुळे हाताला तो परका वाटला नाही. वजन ८० ग्रॅम आहे. व्हायपर मिनीनंतर ते जाणवले, पण माझ्या जुन्या माउसपेक्षा हा हलकाच होता. काउंटरवरच्या पॅडवर दहा-बारा मिनिटे फिरवून पाहिला. मागे ग्राहक उभे असूनही काकांनी घाई केली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मग खोक्यावरचे लेबल वाचले. पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापणे बंधनकारक असते. आयातदाराचे लेबल नसेल तर माल अधिकृत मार्गाने आलेला नसण्याची शक्यता असते आणि वॉरंटीच्या वेळी अडचण येते. माझ्या खोक्यावर लेबल होते, पण महिना ऑक्टोबर २०२२ चा होता. म्हणजे आतली बॅटरी सव्वादोन वर्षे पडून होती. दुकानातच तार जोडून ती चार्ज होते का ते पाहिले, दिवा लागला. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरली जाईल असे बिलावरच लिहून घेतले आणि सिरीयल नंबरही लिहून घेतला. सुरुवातीला ७,४०० सांगितले होते, शेवटी ७,१०० रुपयांवर सौदा ठरला, १८ टक्के जीएसटी धरून. आधीच्या एका दुकानात ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असे सांगण्यात आले होते. जुन्या माउसचे प्रकरण चालू असताना बिलाशिवाय काही घेण्याचा विचारही मनाला शिवला नाही. शेजारच्या दुकानातून ४५ बाय ४० सेंटिमीटरचे कापडी पॅड ६५० रुपयांना घेतले आणि संध्याकाळच्या पंचवटीने परतले. प्रवास आणि जेवण मिळून साधारण ६०० रुपये गेले.

घरी आल्यावर एक गोष्ट पुन्हा नव्याने शिकले. डाव्या हाताच्या तर्जनीखाली माउसचे उजवे बटण येते, त्यामुळे ते मुख्य करावे लागते. विंडोजच्या सेटिंगमध्ये मुख्य बटण बदलण्याची सोय आहे, पण काही खेळ माउसची माहिती थेट घेतात आणि ही अदलाबदल मानत नाहीत. मग डेस्कटॉपवर एक बटण आणि खेळात दुसरे असा घोळ होतो. विंडोजची सेटिंग मूळ स्थितीत ठेवून अदलाबदल माउसच्या स्वतःच्या स्मृतीत साठवणे हा त्यावरचा उपाय. जी हब या सॉफ्टवेअरमधून ते एकदा केले की माउस दुसऱ्या संगणकाला जोडला तरी तसाच चालतो. ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही खूण काढून टाकावी, कारण ती असेल तर हात किती वेगाने फिरवला यावर कर्सरचे अंतर बदलते आणि हाताला सवय लागत नाही. व्हॅलोरंटमध्ये पात्राने शस्त्र डाव्या हातात धरावे अशीही सेटिंग आहे. ती मी लावली आहे. खेळावर त्याचा परिणाम होतो की नाही ते सांगता येणार नाही, पण पडद्यावर तसे पाहायला मला बरे वाटते.

पहिले दोन दिवस कर्सर मधूनच अडखळत होता आणि माझा जीव खालीवर झाला, कारण पुन्हा वॉरंटीच्या वाटेला जाण्याची ताकद उरली नव्हती. कारण साधे निघाले. रिसीव्हर मी संगणकाच्या मागे, चालू असलेल्या हार्ड डिस्कच्या शेजारच्या यूएसबी ३ च्या खाचेत लावला होता. यूएसबी ३ च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेस लहरींत अडथळा आणतो, हे इंटेलने २०१२ मध्येच सविस्तर मांडले आहे. खोक्यातली जोडतार वापरून रिसीव्हर टेबलावर, पॅडपासून वीतभर अंतरावर आणला आणि अडखळणे थांबले.

वेग ठरवताना मी जुनाच हिशेब ठेवला: ८०० डीपीआय आणि खेळातली संवेदनशीलता, म्हणजे माउस सरकवल्यावर दृश्य किती वळावे तो आकडा, ०.४. व्हॅलोरंटमध्ये १ या संवेदनशीलतेला माउसच्या एका पावलाला ०.०७ अंश वळण मिळते, त्यावरून ०.४ ला पूर्ण वर्तुळ फिरण्यासाठी माउस जवळपास ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो. माझे पॅड ४५ सेंटिमीटर रुंद आहे ते याच कारणाने. नवा माउस घेतला की पहिल्या आठवड्यात वेग बदलत राहण्याचा मोह होतो. मी तो एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवला आणि तीन आठवडे हात लावला नाही. पहिल्या आठवड्यात नेम जुन्यापेक्षा वाईट होता, दुसऱ्यात बरोबरीला आला. दिवे बंद ठेवून बॅटरी साधारण ५० तास पुरते. कंपनीने ६० सांगितले होते, तेव्हा पडून राहिल्याचा थोडा परिणाम झाला असावा. रविवारी सकाळी चार्जिंगला लावते.

२७ फेब्रुवारीला जुन्या माउसच्या कंपनीचे पत्र आले. या वेळी सही करणारी व्यक्ती वेगळी होती आणि भाषाही वेगळी होती: समतुल्य मॉडेल उपलब्ध नसल्याने बिलाची पूर्ण रक्कम परत करण्यात येईल, त्यासाठी सोबतचा अर्ज, रद्द केलेला धनादेश आणि ओळखपत्राची प्रत पाठवावी. ओळखपत्राच्या प्रतीवर ‘फक्त या तिकिटासाठी’ असे लिहून आणि तारीख घालून ३ मार्चला सर्व पाठवले. ११ तारखेला चौकशी केली तेव्हा अर्ज लेखा विभागात असल्याचे कळले. १७ मार्चला, सोमवारी दुपारी, ३,१५० रुपये खात्यात जमा झाले. पहिल्या ईमेलपासून तो सत्तरावा दिवस होता. हेल्पलाइनच्या संकेतस्थळावर जाऊन तक्रार मिटल्याची नोंद केली. नव्या माउसच्या डाव्या अंगाची न लागणारी दोन बटणे एका लहान पाकिटात घातली आहेत, ते पाकीट बिलासोबत खोक्यात ठेवले आहे आणि खोके पुन्हा माळ्यावर गेले आहे.